मणक्यात किंवा सांध्यात इंजेक्शन सुचवलंय? आधी काय विचारायचं, नंतर काय लिहून ठेवायचं

गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला, फिजिओही मनापासून करून झालं तरी कळ काही जात नाही आणि मग डॉक्टर म्हणतात, एक इंजेक्शन देऊन बघू. इथे घरात लगेच दोन तट पडतात. एकाला मणक्यात सुई म्हटलं की पांगळेपणच दिसतं, दुसरा म्हणतो एकदाचं घेऊन टाका नि मोकळे व्हा. दोघांचंही खरं नाही. ही इंजेक्शनं मुळात दोन कामांची, एकतर दुखणं नेमकं कुठून येतंय ते शोधायला आणि दुसरं म्हणजे काही आठवडे किंवा महिने दुखणं खाली आणून तेवढ्यात चालणं, व्यायाम, झोप सुधारून घ्यायला. सरकलेली गादी सुईने जागेवर जात नाही, झिजलेला गुडघाही नवा होत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एमआरआयची फाईल तर न्याच, पण त्याआधी स्वतःचं दुखणं नीट सांगता आलं पाहिजे, कारण काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली, झीज झालेली सर्रास दिसते. कळ कमरेतून निघून गुडघ्याच्या खाली पोटरी-पावलापर्यंत करंट लागल्यासारखी जात असेल तर बहुतेक नस दबलेली असते, आणि तिथे नसेजवळ स्टिरॉइड देतात, त्यालाच एपिड्यूरल म्हणतात. पाय ठीक आहे पण कंबरच धरते, उभं राहिल्यावर किंवा मागे वाकल्यावर जास्त, असं असेल तर मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांवर, म्हणजे फॅसेटवर संशय जातो. कमरेच्या खाली एकाच बाजूला, ढुंगणाच्या वरच्या भागात बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड नि कमरेचं हाड जिथे जुळतं तो एसआय जॉइंट असू शकतो. ही लक्षणं एकमेकांत मिसळतात म्हणून तर तपासणीचं इंजेक्शन लागतं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा की सुई नक्की कुठे जाणार, त्याच जागेवर संशय का, आणि फरक पडला नाही तर पुढे काय.

दुसरा प्रश्न, आत्ताच घ्यायची गरज आहे का? नवीन सायटिका, म्हणजे नस दबून पायात जाणारी कळ, बऱ्याच लोकांची ६ ते १२ आठवड्यांत आपोआप उतरते. रात्र रात्र झोप नसेल तर तेवढा काळ निभावून न्यायला एपिड्यूरल कामाला येतं, पण वर्षानुवर्षांची नुसती कंबरदुखी असेल तर जरा सावध राहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने जुन्या मणकेदुखीसाठी एपिड्यूरल, फॅसेटची इंजेक्शनं, रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईने उष्णता देऊन नस बंद करणं) यांच्या विरोधात स्पष्ट शिफारस केली (कॅन्सर वगैरेचं दुखणं त्यात धरलेलं नाही) आणि पेन स्पेशालिस्टांच्या संघटनांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर ज्याचं निदान नीट पक्कं झालंय त्याला फायदा होताना दिसतो आणि अंदाजपंचे टोचलेल्याला नाही.

आता तयारी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. ती किती दिवस आधी बंद करायची, करायची की नाही, हे हार्टचे डॉक्टर नि इंजेक्शन देणारे डॉक्टर मिळून ठरवतील, स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असलेल्यांनी तर अजिबातच नाही. शुगर असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस ती चढते, तेव्हा घरी मोजायची सोय आणि कुठल्या आकड्यावर फोन करायचा ते विचारून ठेवा. ताप, लघवीचं इन्फेक्शन, सुईच्या जागेवर फोड असं काही असलं तर तारीख पुढे ढकला. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगा कारण एक्स-रे वापरतात. आणि सोबत कोणीतरी न्या, पाय काही तास जड राहू शकतो, गाडी चालवायची नाही.

टेबलावर फार काही नाटक नसतं. पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात, पाठीवर गार औषध फिरवतात, भूल देताना मुंगी चावल्यासारखं चरचरतं आणि मग सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनवर बघत बघत सुई पुढे नेतात, थोडा डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून औषध कुठे पसरतंय ते पाहतात. मधेच विचारतील की नेहमीची कळ आली का, तेव्हा दात-ओठ खाऊन गप्प बसू नका, ती कळ कुठपर्यंत गेली ते सांगा. पूर्ण झोपवून करा असा हट्ट म्हणूनच बरा नाही, नसेला सुई लागली तर ते सांगायला तुम्ही जागे हवेत.

सगळ्यात महत्त्वाचं काम त्यानंतर सुरू होतं आणि नेमकं तेच लोक करत नाहीत. तपासणीचा ब्लॉक, म्हणजे संशयाच्या जागी भुलेचं औषध देऊन बघणं, असेल तर भुलेच्या औषधाचा असर काही तासच असतो आणि आपण काय करतो, घरी येऊन पांघरूण घेऊन झोपतो! संध्याकाळी उठेपर्यंत असर संपलेला, मग डॉक्टरांनी विचारलं फरक पडला का, तर म्हणे थोडा पडला असावा. त्याऐवजी डॉक्टरांची परवानगी असेल तर जे केल्यावर दुखतं तेच जपून करून बघा आणि लिहा. माझ्या आईच्या वहीत दहापैकी किती दुखतं ते असं होतं: आधी, खुर्चीतून उठताना ७. अर्ध्या तासाने, उठताना २, मागे वाकताना ३. दुपारी, जिना उतरताना २. रात्री, परत ६. एवढ्या चार ओळींवर पुढचं सगळं ठरतं. फॅसेटच्या ब्लॉकने दुखणं निदान अर्ध्यावर, बऱ्याच ठिकाणी ८० टक्के उतरलं तरच रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचार करतात, आणि खात्रीसाठी ब्लॉक पुन्हा एकदा देणारेही असतात.

रेडिओफ्रिक्वेन्सीत सुईच्या टोकाला साधारण ८० डिग्रीची उष्णता दीड मिनिटाच्या आसपास देऊन सांध्याचं दुखणं वर पोचवणारी बारीक नस बंद करतात. नंतर एक-दोन आठवडे उलट जास्तच ठणकतं, घाबरू नका, फायदा दोन-चार आठवड्यांनी कळतो. जमून आलं तर ६ महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त. नस पुन्हा वाढते म्हणून दुखणंही परत येऊ शकतं आणि तेव्हा हे परत करता येतं.

स्टिरॉइडचं गणित वेगळं. भूल उतरली की त्याच रात्री दुखणं परत येतं आणि लोक म्हणतात फुकट गेलं, पण स्टिरॉइडला असर दाखवायला २ ते ७ दिवस लागतात. चेहरा लाल होणं, एक-दोन रात्री झोप न लागणं हे होतं नि जातं. उभं राहिल्यावर डोकं ठणकतं नि आडवं झाल्यावर थांबतं असं झालं तर डॉक्टरांना कळवा. ताप, पायातली ताकद कमी होत जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं किंवा कळत नाही अशी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा. इंजेक्शन घेतलेलं नसेल तरीही.

गुडघ्याचं थोडक्यात. स्टिरॉइडने सूज उतरते, काही आठवडे बरे जातात, पण दर तीन महिन्यांनी टोचत राहू नका. २०१७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दोन वर्षं असं करणाऱ्यांची कूर्चा नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात मात्र म्हणावा तसा फरक नव्हता. सांधा बदलायचं ऑपरेशन ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन टाळतात, इन्फेक्शनचा धोका वाढतो.

आणि इंजेक्शन लागू पडलं तर पुढच्याच आठवड्यात फिजिओची वेळ घ्या, दुखणं कमी आहे तोवरच व्यायाम वाढवता येतो. एकाच जागी दोनदा देऊनही वहीतले आकडे हलले नाहीत तर तिसऱ्यांदा तेच घेण्याआधी निदान पुन्हा तपासायला सांगा, हवं तर दुसऱ्या डॉक्टरांना वही दाखवा.