मारहाणीची तक्रार आली की ग्रामपंचायत कुठे चुकते? या चुका टाळा

सून मार खाऊन माहेरी जाते, आठवड्याभराने भाऊ तिला घेऊन परत येतो आणि प्रकरण गावकीत येतं. पुढचं बहुतेक गावांत ठरलेलंच. ग्रामपंचायतीत तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील आणि दोन-चार जाणती मंडळी बसतात. स्टॅम्प पेपरवर नवऱ्याकडून लिहून घेतात: 'यापुढे दारू पिऊन मारहाण करणार नाही.' खाली तिच्याकडूनही एक ओळ घेतली जाते: 'उलट उत्तरं देणार नाही.' सह्या, अंगठे, चहा. कागद अध्यक्षांच्या कपाटात जातो, तिच्या हाती त्याची झेरॉक्सही पडत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, गावोगावचे बांधाचे नि वाटेचे वाद तिने मिटवले, ते चांगलंच झालं. पण बायकोला मारणं हा बांधाचा वाद नव्हे. नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं जुनं 498अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85, तडजोडपात्र नाही, म्हणजे ते आपसात मिटवता येत नाही. शिवाय तो स्टॅम्प मोडला म्हणून नवऱ्याला शिक्षा होत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ती 'उलट उत्तरं'वाली ओळ? ती पुढे कोर्टात तिच्याच विरोधात वाचली जाण्याची भीती असते.

असा कागद आधीच झाला असेल तर तो फाडू नका. त्याची प्रत तिला द्या. मारहाण होत होती हे नवऱ्याने त्यात स्वतःच्या सहीने कबूल केलंय, अर्जाला तो जोडता येतो.

मग पंचायतीने करायचं काय? निवाडा नाही, निरोप पोचवायचा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 नुसार अशी हिंसा होतेय असं वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना (या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) कळवू शकतो, आणि प्रामाणिक हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना गावात सगळ्यांच्या आधी कळतं, पण 'नस्ती भानगड नको' म्हणून त्या गप्प बसतात. त्यांना हे कलम सरपंचांनी समजावून सांगायला हवं. संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरतात, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवायची अट नाही. वकिलाचा खर्च? महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

'अंगावर वळ कुठे आहेत?' हा प्रश्न आधी बंद करा. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं, सतत अपमान, शिवीगाळ हेही कायद्याने हिंसेतच येतं. तक्रार फक्त बायकोच करते असंही नाही, घरातली आई, बहीण, विधवा भावजय यांनाही हाच कायदा लागू आहे.

'घर सासऱ्याच्या नावावर, तुझा काय हक्क?' हे तर सदस्यसुद्धा छातीठोकपणे सांगतात. चूक. कलम 17 नुसार नाव कुणाचंही असो, सामायिक घरात, म्हणजे ती सासरी नांदते त्या घरात, राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. इथे पंचायतीच्या हातात एक चांगलं हत्यारही आहे: नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करणं. 'घर दोघांचे' म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण कितीतरी दप्तरांत अजून एकट्या पुरुषाचंच नाव सापडतं. ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) मनावर घेतलं तर हे काम मार्गी लागतं. त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही हे खरं, तरी सासरच्यांचा आवाज जरा उतरतो.

ग्रामसभेत नाव घेऊन चर्चा करू नका. विषय मांडायचाच असेल तर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडा, तोही कुणा एकीचा न करता. आणि ती सभा खरोखर भरवा, वहीत सह्या गोळा करून नव्हे. सरपंचताईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान बसलेले असतील तर कुठली बाई तोंड उघडेल?

दारूबंदीचा ठराव करून मोकळं होणारी गावंही आहेत. बाटली आडवी केली म्हणजे हात थांबला असं नाही, न पिता मारणारे काही कमी नाहीत.

महिला व बालकल्याणासाठी राखायचा 10 टक्के निधी शिलाई मशीनवरच संपवण्याऐवजी त्यातून काही रक्कम कायद्याच्या माहिती शिबिरांवर खर्च करता येईल का, हे मासिक सभेत विचारा. फलकावर 112 (तातडीची मदत), 181 (महिला हेल्पलाइन) आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा कार्यालयीन नंबर ठळक लिहा. अधिकारी बदलले की नंबर तपासा. संरक्षण आदेश मिळाल्यावरही महिन्याभराने आशाताईंना तिच्याकडे एकदा डोकावायला सांगा, घरात सासू नसेल अशा वेळी.