ड्रायर फिरतो, पण तापत नाही? या चुका टाळा

अमेरिकेतील घरात विजेवरचा ड्रायर तासभर घरघरतो, ड्रम व्यवस्थित फिरतो आणि तरीही कपडे टाकले तसेच गार नि ओले निघतात, तेव्हा बहुतेक जण ‘हीटिंग एलिमेंट (हवा तापवणारी तारेची गुंडाळी) जळले’ असा निकाल देऊन नवे एलिमेंट मागवून मोकळे होतात. ही घाई बऱ्याचदा महागात पडते.

ड्रम फिरतो म्हणजे वीज पुरेशी येते आहे, असे समजणे ही पहिली चूक. या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात आणि ते १२० व्होल्टच्या दोन तारांमधून मिळतात. मोटर त्यांपैकी एकीवरच चालते, उष्णतेसाठी मात्र दोन्ही हव्या असतात. त्यामुळे जोडब्रेकरचा (दोन्ही तारांवरच्या जोडखटक्याचा) एक भाग निकामी झाला, किंवा जुन्या घरातील दोन फ्यूजांपैकी एक उडाला, तरी ड्रम खुशाल फिरत राहतो. ब्रेकरचा खटका आधी पूर्ण बंद बाजूला दाबावा आणि मगच चालू करावा. तो लगेच पुन्हा पडला, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. (बटण चुकून ‘एअर फ्लफ’वर राहिलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे, त्यात उष्णता मुळी नसतेच.)

खरी गोम बहुधा ड्रायरच्या मागे, भिंतीतून बाहेर जाणाऱ्या नळीत असते. कपड्यांचे तूस तिथे साचले की गरम हवा आत कोंडते आणि यंत्र वाचवण्यासाठी बसवलेला थर्मल फ्यूज उडतो. काही मॉडेलांत त्याबरोबर मोटरही थांबते, काहींत केवळ उष्णता जाते. हा फ्यूज पुन्हा जुळत नाही, बदलावाच लागतो. मात्र नळी तशीच ठेवून तो बदलणे व्यर्थ आहे. मी स्वतः हे केले आणि नवा फ्यूज तीन आठवडेही टिकला नाही. शेवटी यंत्र पुढे ओढले, तेव्हा चेपलेल्या नळीच्या वळणात ओलसर करड्या तुसाचा मुठीएवढा बोळा निघाला. प्लॅस्टिकची नळी असल्यास ती काढून ४ इंच व्यासाची, आतून गुळगुळीत अशी धातूची नळी बसवावी. फ्यूज वगळून तारा थेट जोडण्याचा ‘जुगाड’ मात्र कदापि करू नये, कारण आग रोखणारा आधारच त्याने जातो.

ड्रायरमधली तूस अडवणारी जाळी दर वेळी झटकली म्हणजे ती साफ झाली, हाही एक गैरसमज आहे. सॉफ्टनर शीटचा (कपडे मऊ करायला ड्रायरमध्ये टाकतात त्या पातळ कापडी तुकड्याचा) डोळ्यांना न दिसणारा थर जाळीवर बसतो. जाळी नळाखाली धरावी, पाणी खाली न झिरपता वर साचले तर ती साबणाने घासून पूर्ण वाळवूनच परत बसवावी.

एवढे झाल्यावर ड्रायर रिकामा चालवून बाहेरच्या झडपेपाशी हात धरावा. हवा जोरात पण गार येत असेल, तरच एलिमेंटवर संशय घ्यावा. प्लग काढून, एलिमेंटला जोडलेली एक तार सुटी करून मल्टिमीटर (विजेचा रोध ओहममध्ये मोजणारे यंत्र) लावावा, कारण तार जोडलेली असताना येणारा आकडा फसवा असू शकतो. ५,४०० वॅटच्या एलिमेंटला १० ते ११ ओहम दाखवायला हवेत; आकडाच आला नाही, तर एलिमेंटच्या आतली तार तुटली आहे आणि नवे एलिमेंट आता खुशाल मागवावे.