सिरिंज, नळी आणि पुठ्ठा: पाण्याच्या जोरावर चालणारी क्रेन

जेसीबीच्या हातामागचं तत्त्व चौथी-पाचवीच्या मुलांना दोन जोडतासांत स्वतःच्या हातांनी करून बघता येतं. चौघांचा गट करा. आधी बजावून ठेवा: नोंदी लिहिण्याचं काम फिरतं राहील. नाहीतर ते नेहमी सुवाच्य अक्षराच्या मुलीच्याच गळ्यात पडतं आणि बाकीचे कात्री घेऊन बसतात.

एका गटाला: मेडिकलमधून आणलेल्या नव्या, बिनसुईच्या सिरिंज (१० मिलीच्या दोन, ५ मिलीची एक), माशांच्या टाकीची हवेची नळी ५० सेंमी, खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा, बांबूच्या काड्या, स्ट्रॉ, केबल टाय, बारीक तार, टेप, फेविकॉल. वापरलेली सिरिंज कुणी आणून दिली तरी घ्यायची नाही. दाभणाने भोकं पाडायचं काम शिक्षकांचं.

पहिल्या तासाला नुसतं कापायचं आणि चिकटवायचं; फेविकॉल रात्रभर वाळू द्या. हात २५ × ४ सेंमीचा, दोन पदरी. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्या हाताच्या लांबीच्या दिशेनेच हव्यात. आडव्या आल्या तर हात वजनाखाली मोडतो. तळ ३० × २० सेंमी. त्यावर दोन मोठे खांब, तळापासून १५ सेंमीवर भोक. त्यांच्यापुढे ६ सेंमीवर दोन छोटे खांब, भोक १२ सेंमीवर. छोट्या खांबांचे पाय टेपनेच लावा, ते पुढे सरकवायचे आहेत. प्रत्येक भोकात स्ट्रॉचा तुकडा बसवा, नाहीतर काडी फिरून फिरून भोक रुंदावतं आणि हात डुगडुगतो.

दुसऱ्या तासाला आधी पाणी भरा. हे बादलीत, पाण्याखालीच करायचं. कोरडा दट्ट्या अडखळतो, म्हणून तो चार-पाच वेळा पाण्यात खालीवर करा. १० मिलीच्या सिरिंजला नळी जोडा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओढा-सोडा आणि शेवटी सिरिंज पूर्ण भरा. दुसऱ्या सिरिंजच्या तोटीतली हवा काढून दट्ट्या पूर्ण आत दाबा, मग पाण्याखालीच नळी जोडा. आता भरलेली सिरिंज दाबताना रिकामीचा दट्ट्या अंगठ्याने अडवा. हाताला दट्ट्या स्पंजासारखा लागला तर आत हवा आहे. हवा दाबली जाते, पाणी जवळपास नाही. म्हणून हवा राहिली की ढकलण्याचा पहिला भाग वाया जातो.

रिकाम्या सिरिंजची तोटी खाली ठेवा आणि तिला वरच्या कडेखाली छोट्या खांबांतल्या काडीला केबल टायने बांधा. दट्ट्याच्या चकतीला दोन भोकं पाडून ती हाताच्या खालच्या बाजूला, टेकूपासून (मोठ्या खांबांतली काडी, जिच्यावर हात फिरतो) ६ सेंमीवर, तारेने सैलच बांधा. सगळ्यात जास्त क्रेन इथेच अडकतात: मुलं सिरिंज फेविकॉलने घट्ट चिकटवतात. हात गोलाईत फिरतो, दट्ट्या सरळ जातो. सिरिंजला झुलायला जागा नसेल तर दट्ट्या वाकडा होऊन रुततो.

दट्ट्या साडेपाच सेंमीच्या आसपास सरकतो, पण हाताचं टोक वीसेक सेंमी उचललं जातं. टोकाला कागदी पेला लावून गोट्या टाकत जा. मग छोटे खांब आणि तार १० सेंमीवर न्या: टोक बारा-तेरा सेंमीच उठतं, पण गोट्या जास्त पेलतात. का, ते गटाला आधी आपसांत भांडू द्या.

शेवटी ढकलणारी सिरिंज ५ मिलीची लावा. ढकलायला हलकं वाटतं, पण हात अर्ध्यातच थांबतो. ५ मिली पाण्याने १० मिलीची सिरिंज अर्धीच भरणार.