जुन्या पितळी कॉर्नेटचे आधीचे मालक कसे शोधायचे

आधी एक सांगतो, ब्रासो लावू नका. बडोद्यात कुणाच्या माळ्यावरून नाहीतर भंगारवाल्याकडून जुना कॉर्नेट किंवा युफोनियम (बँडमध्ये फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) हाती लागला की पहिल्यांदा तो चकाचक करावासा वाटतो, आणि तिथेच अर्धी माहिती जाते, कारण बेलवर, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावर, कोरलेलं नाव आधीच झिजलेलं असतं, उरलंसुरलं पॉलिशमध्ये जातं. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, बस.

मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढा, पुसट अक्षरं वर येतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवली तरी चालतं. सिरीयल नंबर बऱ्याचदा मधल्या व्हॉल्व्हच्या (बोटाने दाबायच्या कळीच्या) नळीवर असतो. नुसतं १, २, ३ असेल तर तो व्हॉल्व्हचा क्रम आहे, त्याच्या मागे लागू नका. माउथपीसवर तर मुळीच विसंबू नका, तो कुणीही कधीही बदललेला असतो.

आता खरं म्हणजे सगळे लगेच लंडनच्या म्युझियमला ईमेल करायला बसतात, कारण वाद्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या वह्या तिथे आहेत. माझं म्हणणं, आधी ज्याने विकलं त्याच्याकडे जा. लंडनच्या वह्या शंभर वर्षं थांबल्यात, अजून महिनाभर थांबतील, पण भंगारवाल्याला मागच्या महिन्यातलं घर आठवेलच असं नाही. कुठल्या पोळातून (जुन्या वस्तीच्या गल्लीतून) आलं, सोबत अजून काय होतं, पेटी होती का, एवढंच विचारा, आणि चोरीचा माल आहे का असा सूर चुकूनही लागू देऊ नका, नाहीतर तो गप्पच बसेल. त्यानंतर लग्नात वाजवणारे जुने बँडमास्तर गाठा, गुजरातीत बोललात तर उत्तम. वाद्य सोबतच न्या, फोटोवर भागत नाही. कुठे झाळलंय, कुठे ठिगळ बसवलंय हे बघून काका लोक कधी कधी दुरुस्ती करणाऱ्याचं नावच सांगतात, आणि तिथून बँडचा पत्ता लागतो.

बडोदा संस्थानचा माल असेल असं वाटलं तर गायकवाडांच्या चिन्हातलं ‘जीन घर जीन तख्त’ किंवा बडोदा स्टेट अशी अक्षरं आहेत का बघा. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते, ती वेगळी. सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात इथे १८८६ साली गायनशाळा निघाली, दरबारचा बँडही होता, आणि संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे शोध त्याच्या आधीच्या कागदांत घ्यायचा. संस्थानचं दप्तर गुजरात सरकारच्या बडोद्यातल्या अभिलेखागारात आहे. ‘बँडबद्दल काही आहे का’ असं मोघम विचारू नका, लष्कर की खानगी खातं (राजघराण्याचा खासगी कारभार) हे ठरवून जा, आणि मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना घेऊन जा.

आता लंडन. बूझी आणि हॉक्स या वाद्य बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्या १९३० साली एक झाल्या, त्यामुळे नुसतं बूझी अँड कंपनी असेल तर वाद्य त्याआधीचं, जोडनाव असेल तर नंतरचं. बेसन ही दुसरी वाद्य कंपनी १९४८ मध्ये त्यांच्याकडे गेली पण नाव चालूच राहिलं, म्हणून तिथे नुसत्या नावावरून काळ कळत नाही, सिरीयल नंबर हवाच. या कंपन्यांच्या जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये आहेत, नंबर आणि स्वच्छ फोटो पाठवून विचारा. मिळालंच तर तारीख आणि पहिला गिऱ्हाईक मिळेल, तोही एखादा दुकानदारच निघू शकतो. वाद्यावर मेरठचं नाव असेल, उदाहरणार्थ १८८५ पासूनची नादिर अली ही तिथली वाद्य कंपनी, तर लंडनला लिहायची गरजच नाही.

सापडेल ते वहीत उतरवा, पण लेखी पुरावा आणि ऐकीव गोष्ट वेगवेगळ्या रंगात, आणि मधली वीसतीस वर्षं रिकामी राहिली तर राहू द्या. जुन्या मालकाच्या घरचे सापडले तर आधी नुसता फोटो पाठवा आणि कोण वाजवायचं ते विचारा. किमतीचा विषय तुम्ही काढू नका, एकदा तो निघाला की आजोबांच्या गोष्टी बाजूलाच राहतात.