ओएससीपीची २४ तासांची परीक्षा: कोल्हापुरात घरी बसून तयारी कशी करावी

ओएससीपी हे हॅकिंगचं प्रमाणपत्र, आणि त्याच्या परीक्षेला प्रश्नपत्रिका नसते. सहा मशीन, म्हणजे नेटवर्कवरचे संगणक, देतात आणि सांगतात, आत शिरा. वेळ २३ तास ४५ मिनिटं. कसे शिरलात याचा अहवाल लिहायला त्यानंतर आणखी २४ तास. १०० पैकी ७० मिळाले की पास, ६० ला काही नाही. मला पहिल्या खेपेला ६०च पडले.

वडील तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. हॅकिंग म्हणजे नेमकं काय हे त्यांना अजूनही पटत नाही, पण रात्रभर मी काय केलं ते सगळं त्यांनी चहा पीत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे माप न घेताच टूल लावलंस की रं." राग आला, कारण खरं होतं. दुसऱ्या खेपेची तयारी मी त्या एका वाक्याभोवती केली. ती कशी, ते लिहितो.

आधी गुणांचा हिशोब

तीन सुटी मशीन असतात, प्रत्येकी २० गुणांची. साध्या वापरकर्त्याच्या हक्काने आत शिरलात की १०, तिथून पूर्ण ताबा असलेले रूट किंवा अ‍ॅडमिन झालात की आणखी १०. उरलेले ४० गुण तीन मशीनच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी) संचाचे, म्हणजे एखाद्या कंपनीच्या आतल्या जाळ्यासारखी रचना. त्यात १०, १० आणि २० अशी वाटणी आहे.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ जपून बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलले. आधी सराव पूर्ण केल्याचे १० बोनस गुण मिळायचे, ते बंद झाले. एडीच्या संचात मात्र आता पहिलं युजरनेम आणि पासवर्ड तेच देतात. एका कर्मचाऱ्याचं खातं फुटलंय असं धरायचं आणि पुढे चालायचं. म्हणजे दार उघडं आहे, घर शोधायचंय. ४० गुण एका ठिकाणी असल्यामुळे एडी कच्चं ठेवून पास होणं फार अवघड आहे. एडी सोडलं तर उरतात ६०, आणि साठाचं काय होतं ते वर सांगितलंच.

पैसे भरायची घाई नको

ही परीक्षा घेणारी ऑफसेक कंपनी म्हणजे काली लिनक्स ही हॅकिंगची टूलं भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी. तिचा पेन-२०० हा अभ्यासक्रम, ९० दिवसांची लॅब आणि परीक्षेची एक संधी मिळून खर्च दीड लाखाच्या घरात जातो. डॉलरचा भाव रोज हलतो, त्यामुळे भरायच्या दिवशी बघून घ्या. एकदा भरले की ९० दिवसांचं घड्याळ सुरू. नोकरी करणाऱ्याला रोज दोन-तीन तास मिळतात, आणि त्यातले पहिले पंधरा दिवस लिनक्सच्या फाइल परमिशन समजून घेण्यात गेले तर ती दीड लाखाची शिकवणी झाली, जी फुकटात मिळते.

म्हणून आधी तीन-चार महिने पाया घाला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काली बसवा. टीसीपी आणि यूडीपीतला फरक, डीएनएस, एचटीटीपी, फाइल शेअर करायचं एसएमबी, हे संगणकांचे एकमेकांशी बोलायचे नियम तोंडपाठ नव्हे, हाताशी हवेत. बॅश आणि पायथनमध्ये दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यात आपला आयपी आणि पोर्ट बदलता आला तरी बरंच काम भागतं. ट्रायहॅकमी या सरावाच्या साइटवर सुरुवात करा, व्हल्नहबवरची मशीन उतरवून घरीच चालवा, मग हॅक द बॉक्सकडे वळा. परीक्षेच्या धाटणीला सगळ्यात जवळ जातात ती ऑफसेकच्याच प्रूव्हिंग ग्राउंड्समधली मशीन. पेन-२०० घ्याल तेव्हा या मशीनपैकी तीस-चाळीस तरी हाताखालून गेलेली असावीत असं माझं मत.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. सराव फक्त सरावाच्या मशीनवर. कॉलेजची वेबसाइट, शेजारच्या काकांचं वायफाय, ओळखीच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर, कशालाही हात लावायचा नाही, "फक्त बघत होतो" म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माप घेणे, म्हणजे एन्युमरेशन: हल्ल्याआधीची तपासणी

परीक्षेतल्या मशीनबद्दल बाहेर बोलायला बंदी आहे, म्हणून सरावातलं उदाहरण देतो. एका मशीनवर ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या एका दारावर, छान वेबसाइट होती, लॉगिनचं पान होतं. मी पाच तास त्या लॉगिनला डोकं आपटलं. नंतर उत्तर पाहिलं तर यूडीपी १६१ वर एसएनएमपी ही मशीनची देखरेख करणारी सेवा उघडी होती आणि त्यातून चालू प्रोसेसची यादी मिळत होती. त्या यादीत एका कमांडसोबत पासवर्ड लिहिलेला होता. मी यूडीपी तपासलंच नव्हतं, कारण वेबसाइट दिसली आणि टूल लावलं.

त्यानंतर मी वहीत एक क्रम लिहिला आणि मशीन कितीही सोपं दिसलं तरी तो मोडला नाही. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या टूलने आधी नेहमीचे पोर्ट बघायचे आणि त्यावर काम सुरू असताना मागे सगळे ६५,५३५ टीसीपी पोर्ट तपासायला लावायचे. यूडीपीचे निदान पहिले शंभर. एफटीपी ही फाइल देवाणघेवाणीची सेवा असेल तर अ‍ॅनॉनिमस लॉगिन होतं का, एसएमबी असेल तर पासवर्डशिवाय कुठला शेअर उघडतो का. वेब असेल तर गोबस्टरने लपलेले फोल्डर, पानाचा सोर्स, रोबोट्स फाइल, आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. आवृत्ती सापडली की सर्चस्प्लॉइटमध्ये तिच्या माहीत असलेल्या त्रुटी शोधायच्या. हे सगळं होईपर्यंत एकही हल्ला नाही.

आत शिरल्यावरही तसंच. लिनक्सवर आधी सुडोची (रूटच्या हक्काने काय चालवता येतं त्याची) यादी, मग एसयूआयडी (मालकाच्या हक्काने चालणाऱ्या) फाइल, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, कुठे लिहायची परवानगी राहून गेलीय का. विंडोजवर आधी आपल्या खात्याचे हक्क. एसईइम्पर्सोनेट, म्हणजे दुसऱ्या खात्याचं सोंग घ्यायचा हक्क, दिसला तर पोटॅटो नावाच्या टूलांचं कुटुंब आठवायचं. मग अवतरणचिन्हांशिवाय राहिलेले सर्व्हिसचे पाथ आणि इकडेतिकडे विसरलेले पासवर्ड. हे सगळं आपोआप तपासणारी लिनपीस आणि विनपीस चालतात, जरूर वापरा, पण त्यांचं आउटपुट इतकं लांबलचक असतं की काय शोधायचंय हे ठाऊक नसलं तर डोळ्यांसमोरून निघून जातं.

अडलात तर एका मशीनवर दीड तासापेक्षा जास्त थांबायचं नाही. गजर लावायचा, तो वाजला की उठायचं आणि दुसरं मशीन घ्यायचं. सरावातही हेच करा, कारण हट्ट ही सवय आहे आणि ती परीक्षेच्या रात्री अचानक सुटत नाही.

एडीची भीती

बहुतेकांना एडीची भीती वाटते कारण घरी कंपनीचं जाळं नसतं. एका १६ जीबी रॅमच्या संगणकावर विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती आणि एक विंडोज क्लायंट चालवून छोटं डोमेन उभं करता येतं. मी ते दोनदा उभं केलं आणि एकदा मुद्दाम चुकीचं उभं केलं. त्यातून जे कळलं ते कुठल्याही व्हिडिओतून कळलं नव्हतं.

उदाहरणार्थ केर्बरोस्टिंग. एडी ओळख पटवायला केर्बेरॉस नावाची तिकीटपद्धत वापरतं. डोमेनमधला कुठलाही साधा वापरकर्ता एखाद्या सर्व्हिसचं तिकीट मागू शकतो, आणि त्या तिकिटाचा भाग सर्व्हिस खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. तिकीट घरी आणायचं आणि हॅशकॅटने निवांत पासवर्ड फोडत बसायचं, सर्व्हरला पत्ताही लागत नाही. हे एकदा समजलं की कमांड पाठ करावी लागत नाही. सोबत ब्लडहाउंडने नकाशा काढणं, मिमीकॅट्झने हॅश (पासवर्डचं गुंतवलेलं रूप) काढणं, हॅशच पासवर्डसारखा वापरून पुढच्या मशीनवर जाणं, आणि लिगोलो किंवा चिझेलने आतल्या जाळ्यात बोगदा टाकणं, एवढं हातात बसवा. बोगद्याचा सराव सगळ्यात जास्त करा, लोक तिथेच गळपटतात.

आणि घड्याळ बघा. तुमच्या कालीची वेळ आणि डोमेनची वेळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस तिकीट नाकारतं. सगळं बरोबर करूनही काही चालत नसेल तर ९० टक्के वेळा मी तरी तिथेच अडकलेलो असायचो.

काय चालत नाही

मेटास्प्लॉइट हे तयार हल्ल्यांचं टूल एकाच मशीनवर वापरता येतं, कुठल्या ते तुम्ही ठरवा. मात्र त्यातलं एमएसएफव्हेनम (हल्ल्याची फाइल बनवणारं) आणि हँडलर (परत येणारं कनेक्शन पकडणारा) सगळीकडे चालतात. एसक्यूएलमॅप बंद, नेससवगैरे स्कॅनर बंद, चॅटजीपीटीसारखे एआय चॅटबॉट बंद. म्हणून शेवटचे दोन महिने सरावातही एआयला विचारणं सोडा. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे वेबसाइटच्या खोक्यातून डेटाबेसला आपली कमांड देणं, हाताने करायची सवय लावा.

अहवाल इंग्रजीत असतो

मी मराठी माध्यमाचा. अहवालाची मला हॅकिंगपेक्षा जास्त धास्ती होती. खरं तर इथे कोणी सुंदर इंग्रजी तपासत नाही. तुमचा अहवाल वाचून दुसऱ्या माणसाला तेच पाऊल जसंच्या तसं टाकता आलं पाहिजे, बस. "मी ही कमांड दिली, हे आउटपुट आलं, म्हणून पुढे हे केलं." छोटी वाक्यं. सरावाच्या दहा मशीनचे पूर्ण अहवाल ऑफसेकच्या नमुन्यात लिहून काढा, म्हणजे तीच पंचवीस-तीस वाक्यं परत परत लागतात हे लक्षात येईल.

स्क्रीनशॉटचा नियम मात्र कडक आहे. पुरावा म्हणून मशीनवर ठेवलेल्या लोकल आणि प्रूफ या दोन फाइलमधला मजकूर (फ्लॅग) आणि मशीनचा आयपी एकाच चित्रात दिसला पाहिजे, तोही थेट कमांड देता येणाऱ्या इंटरॅक्टिव्ह शेलमधून. वेबपानातून कमांड देणाऱ्या वेबशेलमधून वाचलेल्या फाइलला गुण नाहीत. फ्लॅग मिळाला की आनंदाने उडी मारण्याआधी स्क्रीनशॉट.

तारीख, वीज आणि घरची माणसं

परीक्षा घरूनच होते, पुण्याला जावं लागत नाही. वेबकॅम आणि स्क्रीन पूर्ण वेळ पर्यवेक्षकाला दिसत असतात. सुरुवातीला ओळखपत्र आणि खोली दाखवावी लागते. जेवायला, झोपायला उठता येतं, फक्त त्यांना सांगून.

तारीख निवडताना जुलैचा शेवट आणि ऑगस्ट टाळा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने काय केलं ते आपल्याला सांगायला नको. पूर नाही आला तरी वीज आणि इंटरनेट त्या दिवसांत भरवशाचे नसतात. गणपतीचे दिवसही नकोत. आमचं घर मंगळवार पेठेत आहे. विसर्जनाची मिरवणूक आमच्याकडे परीक्षेइतकीच चालते, आणि तिचा आवाज भिंतीतून येतो.

राउटरला छोटा यूपीएस लावा. इन्व्हर्टर असला तरी लावा, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होतानाच्या त्या अर्ध्या सेकंदात राउटर बंद पडून परत सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो. मोबाइल हॉटस्पॉटवरून व्हीपीएन जोडून एक दिवस आधी बघा. महावितरणचा देखभालीचा एसएमएस ज्या नंबरवर येतो तो फोन बहुधा वडिलांकडे असतो, त्यांना विचारा.

घरच्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवा की खोलीत कोणी यायचं नाही. आमच्या आत्या तरी "काय करतोय गं हा" म्हणत दारापर्यंत आल्याच, आईने हात धरून मागे नेलं.

मी सकाळी दहाचा वेळ घेतला. रात्री एक ते पाच झोपलो, आणि ती झोप हाच माझा पहिल्या आणि दुसऱ्या खेपेतला सगळ्यात मोठा फरक होता. पहिल्या वेळी जागलो आणि पहाटे चार वाजता एकाच चुकीच्या पोर्टवर तासभर काम केलं. दुपारी दहीभात खा. पहिल्या खेपेला रविवार होता, आईने कौतुकाने मटण आणि तांबडा-पांढरा केला होता. दुपारी दोन ते चार या वेळेतलं मला फारसं आठवत नाही.

नापास झालात तर

पहिल्या अपयशानंतर पुन्हा बसायला चार आठवडे थांबावं लागतं आणि फेरपरीक्षेची फी वेगळी. त्याच संध्याकाळी, झोपायच्या आधी, वही घेऊन बसा. कुठे किती वेळ गेला, काय तपासलं, काय तपासायचं राहिलं, तासातासाने लिहा. मी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं. सकाळी उठलो तेव्हा रागच तेवढा आठवत होता, पोर्ट नंबर एकही नाही.