दाराच्या उजेडात म्हाताऱ्याचं व्यक्तिचित्र

तैलरंगाचा ब्रश हातात घेण्याआधी एवढं ठरवा: समोरचा म्हातारा थकलेला दाखवायचा की निवांत? सुरकुत्या दोन्हीकडे त्याच असतात. भाव बदलतो तो उजेड कुठून आणि किती येतो त्याने. ओठ वाकवून भाव आणायला गेलात तर चित्र नाटकी होतं.

विदर्भातल्या खेड्यात कवेलूच्या घराचं सपरीत (ओसरीत) उघडणारं दार कुठल्याही दिव्यापेक्षा कामाचं. दार उत्तरेला असेल तर उत्तम, कारण उजेड फारसा हलत नाही. फक्त मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तरेकडूनही आत घुसतं, तेव्हा काम दहा ते तीनमध्ये उरका. दक्षिणेच्या दाराशी डिसेंबरात बसू नका. भरदुपारीही सूर्य जेमतेम 45 अंशांवर असतो आणि ऊन थेट मांडीवर येतं.

बाज दारापासून चार फूट आत ठेवा, एक खांदा दाराकडे. आता दाराचा खालचा अर्धा भाग घोंगडीने किंवा पोत्याने झाका. उजेड फक्त वरून येऊ लागतो. कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा उजळतात, डोळ्यांच्या खोबण्या अंधारात जातात आणि पलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. हा थकवा. निवांतपणा हवा तर घोंगडी काढा आणि अंधाऱ्या बाजूला तीनेक फुटांवर पांढरं धोतर टांगा, सावली लगेच मऊ होते. खालून येणारा उजेड मात्र जपून वापरा, चेहरा भुतासारखा दिसायला वेळ लागत नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात दिवा चेहऱ्याच्या खालीच आहे, तरी चेहरा कोमल वाटतो, कारण ज्योतीच्या आड तळहात आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र जलरंगातलं आहे, पण आडोशाची युक्ती तैलरंगातही तेवढीच चालते.

उन्हात रापलेल्या कातडीवर सगळ्यात जास्त चुका होतात. चमक दाखवायला नुसता पांढरा लावला की चेहऱ्याला राख फासल्यासारखं दिसतं. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडा पांढरा मिसळा. दारातून आकाशाचा उजेड येत असेल तर त्यात अल्ट्रामरीन निळ्याचा कण. सावलीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि बर्न्ट सिएना पुरे. काळा घातला तर गालाला भोक पडल्यासारखं होतं.

सावली पातळ, उजेड जाड. सावलीचा रंग टर्पेंटाइनने इतका पातळ करा की कॅनव्हासची वीण दिसावी. तिथे जाड रंग राहिला तर त्याचे उंचवटे खोलीतला उजेड पकडून चमकतात आणि सावलीचा खोलपणा मरतो. जाड थर कपाळ, नाक, गालाचं हाड, एवढ्यावरच. सुरकुतीची रेघ ओढू नका. ती घडी आहे: एक कड धारदार, दुसरी विरत जाणारी. मोठ्या तीन-चार घड्या नीट बसल्या की बाकीच्या बघणारा स्वतःच भरतो. दाढीचे खुंट खालचा थर वाळल्यावर कोरड्या ब्रशने. अंबर लवकर वाळतो, पांढरा रेंगाळतो, पावसाळ्यात तर फारच. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात.

18 बाय 24 इंचांच्या उभ्या कॅनव्हासवर डोकं आठ इंचांपेक्षा मोठं नको. डोळे वरून साधारण एक तृतीयांशावर. डोक्यावर जास्त जागा सोडली तर माणूस एकटा, लहान वाटतो. नजर ज्या बाजूला आहे तिकडे जागा कमी ठेवली तर कोंडल्यासारखा वाटतो, आणि कधी कधी तेच हवं असतं. काठीवरचे हात चित्रात घ्या, पण चेहऱ्यापेक्षा एक पायरी अंधारात.

बैठक वीस मिनिटांची. त्यानंतर मान झुकते, उजेड डोळ्यांवरून सरकतो आणि तुम्ही नकळत दुसराच चेहरा रंगवू लागता. म्हणून खांदा आणि पाय कुठे होते त्याच्या खडूने खुणा करून ठेवा.