शॉर्टफिल्म करताय? आधी कान उघडा

पहिली शॉर्टफिल्म करायची म्हटलं की पोरं सगळ्यात आधी विचारतात, दादा कॅमेरा कुठला घेऊ. घ्या हो कुठलाही, मोबाईल पण चालेल. चित्र थोडं दाणेदार आलं तर लोक बघून घेतात, पण डायलॉग ऐकू आला नाही की दोन मिनिटांत उठून चहाला जातात. माझ्या मते डिरेक्शन म्हणजे निम्मं ऐकायचंच काम आहे, आणि हे मी हुशारीने नाही, तोंडावर पडून शिकलोय.

सुरुवात रेकीपासून. आपण लोकेशन बघायला जातो म्हणजे काय करतो, वाड्याचा लाकडी जिना दिसला की लगेच फोन काढून फोटो. त्याऐवजी शूट ज्या वारी ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा, खोलीत खाली बसा आणि डोळे मिटून दहा मिनिटं नुसतं ऐका. मी सदाशिव पेठेतला वाडा बघितला रविवारी दुपारी, म्हणजे पुण्यात कोणी कोणाला उठवत नाही त्या वेळेला, आणि शूट ठेवलं मंगळवारी सकाळी. साडेआठला शेजारचा कुकर, मग शाळेच्या रिक्षा, मग भंगारवाला, आणि पत्र्यावर कबुतरं तर अखंड. सीन होता आई गेल्याचा फोन येतो तो. टेक इतका भारी झाला की सगळे गप्प, मी लगेच ओके म्हटलं, हेडफोन कोणाच्याच कानाला नव्हता. एडिटला बसल्यावर कळलं की कुकरची शिट्टी बरोबर ‘आई’ या शब्दावर आहे.

तर हेडफोन लावल्याशिवाय ओके म्हणायचं नाही. पंखे बंद, फ्रिज बंद. फ्रिजची घरघर खोलीत बसून जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये ती मधेच सुरू मधेच बंद होते आणि एडिटमधला प्रत्येक कट उघडा पडतो. फ्रिज बंद केलात की स्वतःच्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पॅकअप झाल्यावर तो उघडल्याशिवाय घरी जाताच येत नाही. ही युक्ती जुनीच आहे, मला कळली ती वाड्यातल्या काकूंचं दोन किलो आम्रखंड आंबल्यावर.

कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका, लांबून घेतलेल्या आवाजात खोली जास्त आणि माणूस कमी ऐकू येतो. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, वरून, फ्रेममध्ये दिसणार नाही इतपत पण शक्य तेवढा जवळ, टोक छातीच्या दिशेने. कॉलर माइक लावणार असाल तर मऊ सुती कपडे बरे, खळ केलेली साडी नुसती सरसरत राहते. रेकॉर्डरला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. सीनमध्ये ओरडणं असेल तर आधी नटाला ओरडायला लावून पातळी बघा, फाटलेला आवाज नंतर धड शिवता येत नाही. आणि कॅमेऱ्याचं एवढंच सांगतो, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर घरातली ट्यूबलाइट चित्रात लुकलुकते. बाकी तुमची हौस.

आता नट. पुण्यात नटांची ददात नाही, पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, केलेला एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. अडचण हीच की त्याचा आवाज भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि तुमचा माइक आहे दीड फुटावर. त्याला ‘कमी कर’ म्हणू नका, कमी म्हटलं की तो बोलण्यातला जीवच काढून घेतो आणि पुटपुटायला लागतो. हाताला काम द्या. एका मैत्रिणीला मी मेथीची जुडी दिली, म्हटलं निवडत निवडत बोल, आणि पलीकडच्या खोलीत बाळ आत्ताच झोपलंय. आवाज आपोआप खाली आला, आणि जिथे ती रडणार होती तिथे तिने फक्त एक पिवळं पान उचलून बाजूला टाकलं. स्क्रिप्टमधलं रडणं मी तिथेच खोडलं. मेथीच का, तर ती आवाज करत नाही, भुईमुगाच्या शेंगा दिल्या असत्या तर निम्मे शब्द गेले असते. जुड्या मात्र चार आणा, रिटेकला परत भरलेली परात लागते.

लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, आहे ते आवार म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ हे सगळ्यांना माहीत असतं. प्रभात पुण्यात यायच्या आधी, कोल्हापुरात असताना, १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ आला तेव्हा प्लेबॅक नव्हतं, नट माइकसमोर स्वतःच गायचे. ध्वनीचं खातं होतं विष्णुपंत दामल्यांकडे, आणि याच दामल्यांनी पुढे १९३६ ला फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. साउंडवाला डिरेक्टर झाला, आणि आपण साउंडला कोणाला उभं करतो तर जो मित्र रिकामा असेल त्याला!

राहिला रूम टोन. लोकेशन सोडायच्या आधी सगळे जागच्या जागी उभे, कोणी हलायचं नाही, आणि एक मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची वेगळी असते, दुसरीकडची आणून चिकटवली की लगेच कळतं. हमखास कोणीतरी हसतं, मग परत पहिल्यापासून.

मी अर्थातच घेतला नव्हता. शिट्टीवाली ओळ नटीने घरी डोक्यावरून गोधडी घेऊन चार-पाचदा परत म्हटली, त्यातली एक ओठांना बसली, पण मागे वाडा नव्हता. मग रेकॉर्डर आणि आम्रखंडाचा डबा घेऊन परत सदाशिव पेठेत. काकू म्हणाल्या, परत शूटिंग का रे? म्हटलं नाही हो काकू, एक मिनिट नुसतं गप्प बसायचंय. त्यांनी स्वतःच उठून फ्रिज बंद केला, किल्लीसाठी हात पुढे केला आणि मग त्या पण बसल्या.